पाणंद नकाशात नाही: किनाऱ्यावरच्या गोल्फ मैदानाबद्दल खुले पत्र

प्रति,
किनारा पर्यटनाचा आराखडा करणारे सर्व अधिकारी आणि त्यांचे सल्लागार यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या बैठकीत आपण पडद्यावर एक नकाशा दाखवलात. आमच्या पुळणीमागची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यामागची, सगळी सपाटी त्यावर हिरवी रंगवलेली होती. तिच्यावर १ ते १८ आकडे होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे आव्हानात्मक गोल्फ मैदान’. मी मागच्या रांगेत बसून त्या नकाशात आमची पाणंद शोधत होतो. देवळाकडून निघून माडांच्या बागांमधून, दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांच्या मधून थेट पुळणीवर उतरणारी पाणंद. ती सापडली नाही. उभा राहून विचारलं, तर उत्तर मिळालं की बाहेरून पर्यायी रस्ता देऊ, दोन किलोमीटरचा. शेजारी माझा चुलतभाऊ बसला होता. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात त्याची तीस वर्षं गेली. तो हळूच म्हणाला, “गेट घातल्यानी तर आमी रापण खंयसून व्हरूची?” (गेट लावलं तर रापण न्यायची कुठून?) त्याचा हा प्रश्न इतिवृत्तात आलेला नाही. म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी गोल्फच्या विरोधात नाही. व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून माझी नोकरी झाली. जहाज दुरुस्तीला सिंगापूरच्या गोदीत तीन आठवडे अडकलं होतं, तेव्हा एका सहकाऱ्यानं हातात सात नंबरचं आयर्न, म्हणजे गोल्फची काठी, दिलं. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. बंदर लागलं की जवळचं सर्वांना खुलं मैदान शोधायचं आणि पैसे भरून खेळायचं, हा माझा शिरस्ता होता. क्लबांचे दरवाजे आमच्यासारख्यांना सहसा उघडत नाहीत, त्यामुळे मी जे खेळलो ते जवळपास सगळं सार्वजनिक मैदानांवर. गोल्फ मैदान चांगलं कशामुळे होतं आणि ‘अवघड’ या शब्दाचा खरा अर्थ काय, हे मला पायाखालून कळलेलं आहे. ते आपल्यापर्यंत पोचवावं असं मनापासून वाटतं, कारण आपल्या नकाशात ‘आव्हानात्मक’ हा शब्द आहे, पण आव्हान कुणाला आणि कशाचं, ते कुठंच नाही.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर फार्मिंगडेल नावाच्या गावी बेथपेज स्टेट पार्क आहे. तिथं पाच गोल्फ मैदानं आहेत आणि प्रत्येकाला रंगाचं नाव आहे. त्यांतलं ‘ब्लॅक’ हे सर्वांत कठीण. मालकी न्यूयॉर्क राज्य सरकारची. १९३६ साली, ऐन मंदीच्या काळात, आपल्या रोजगार हमीसारख्या सरकारी कामातून ते उभं राहिलं. पहिल्या टीपाशी, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथं, कुंपणाला एक पाटी लावली आहे: हे मैदान अत्यंत अवघड आहे, केवळ निष्णात खेळाडूंनीच खेळावं अशी आमची शिफारस आहे. शिफारस आहे, मनाई नाही. पैसे भरलेला कुणीही त्या पाटीशेजारून पुढे जातो. मी गेलो तेव्हा राज्यातल्या रहिवाशाला लागणाऱ्या शुल्काच्या दुपटीच्या आसपास बाहेरच्याला भरावं लागत होतं, आणि ते मला योग्यच वाटलं.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो असताना मी आणि जावई आदल्या रात्रीच तिथं पोचलो. आगाऊ नोंदणी न मिळालेली माणसं तिथं आकडे घातलेल्या जागांवर गाड्या लावून गाडीतच झोपतात. गणपतीच्या आधी गाडीच्या तिकिटासाठी आपली माणसं रात्रभर रांगेत असतात ना, अगदी तसं. पहाटे काळोखातच कर्मचारी येऊन क्रमांक देतो. आम्ही दोघं, शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ आणि एक निवृत्त अग्निशामक जवान, असे चौघे एका तुकडीत आलो. एकमेकांची नावं पहिल्या टीवर कळली. त्या मैदानावर बॅटरीवर चालणारी गाडी मिळत नाही, अठराही होल, म्हणजे टीपासून खळग्यापर्यंतचे टप्पे, पायी चालायचे. २००२ साली याच मैदानावर गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली. सरकारी मालकीच्या, सर्वांना खुल्या मैदानावर ती स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ. टायगर वुड्स ३ अंडर पारनं, म्हणजे ठरलेल्या एकूण फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) तीन कमी फटक्यांत, जिंकला आणि पारच्या खाली राहिलेला तो एकटाच होता. त्याच गवतावर बसचालक उभा राहून चेंडूखालची खुंटी खोचत होता.

चौथा होल मी विसरणार नाही. पार पाच. दुसऱ्या फटक्यासमोर वाळूचा एक प्रचंड बंकर तिरका आडवा पसरलेला आहे, नांगरलेल्या चढावर कुणी पांढरी वाळू ओतून ठेवावी तसा. माझा चेंडू त्याच्या काठाखाली, अगदी भिंतीला टेकून बसला. तिथून निघायला चार फटके लागले. तिसऱ्या फटक्याला वाळू तोंडात आली आणि चेंडू जागचा हलला नाही. पंधराव्या होलला ग्रीन, म्हणजे खळगा असलेली बारीक गवताची जागा, इतकं उंचावर आहे की खालून झेंड्याचं केवळ वरचं टोक दिसतं. संध्याकाळी हिशेब केला, ११८ फटके आणि सहा चेंडू रानात. पाय भरून आले होते. पण दिवसभरात कुणी मला ‘तू इथं कशाला आलास’ असं नजरेनंसुद्धा विचारलं नाही. ते मैदान कठीण होतं आणि माझंही होतं.

तरीही, आणि हे मी फार विचार करून लिहितो आहे, त्या मैदानाची अवघड होण्याची रीत कोकणाला चालणार नाही.

मैदान किती कठीण हे ठरवायची एक सर्वमान्य पद्धत आहे. मोजणारी माणसं दोन खेळाडू डोळ्यांपुढे ठेवतात. एक निष्णात, हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) शून्य, जो टीवरून २५० यार्ड मारतो. दुसरा सामान्य, पुरुष असेल तर हँडिकॅप वीसच्या आसपास, जो २०० यार्ड मारतो. फेअरवेची (टी ते ग्रीन कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) रुंदी, रफ (त्याच्या कडेचं वाढलेलं गवत), बंकर, झाडं, पाणी, ग्रीनचा उतार, चढ-उतार, वारा हे सगळं दोघांच्या नजरेनं तपासतात आणि दोघांना किती फटके लागतील याचा अंदाज काढतात. त्या दोन आकड्यांमधला फरक पुरुषांसाठी ५.३८१ नं गुणला की जो आकडा येतो त्याला स्लोप म्हणतात. तो ५५ ते १५५ च्या मध्ये असतो आणि ११३ ही मध्यम अवघडपणाची खूण. म्हणजे स्लोप सांगतो तो निष्णात आणि सामान्य यांच्यातल्या अंतराबद्दल. वीस हँडिकॅपच्या माणसाला ११३ च्या मैदानावर वीस फटक्यांची सवलत मिळते, तर १४५ च्या मैदानावर सव्वीस. मैदान जितकं जास्त निर्दय, तितका दुबळा खेळाडू मागे पडतो.

आपल्या सल्लागारांनी बैठकीत स्लोपचा मोठा आकडा अभिमानानं सांगितला होता. तो ऐकून टाळ्याही पडल्या. माझी विनंती आहे की तो आकडा असा वाचा: जितका मोठा, तितकी आमच्या गावातली नवीन पोरं, बाया, साठीची माणसं त्या मैदानावर कमी टिकणार. पाण्यावरून शंभर-दीडशे यार्ड उडवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असे होल नकाशात चार आहेत. त्या पाण्यात दर फेरीला तीन-चार चेंडू गमावणारा मुलगा दोन महिन्यांत खेळ सोडतो. एका चांगल्या चेंडूची किंमत इथल्या मजुराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीच्या घरात जाते.

अवघड होण्याची दुसरी रीत मी स्कॉटलंडमध्ये पाहिली, सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वालुकामय, चढउताराच्या पट्टीला तिकडे लिंक्स म्हणतात. पुळण संपून बागा सुरू होण्याआधीची जी जमीन आपल्याकडे मर्यादवेलीनं धरून ठेवलेली असते, तिचीच ती चुलत बहीण. ओल्ड कोर्स रुंद आहे. सात ग्रीन्स तर इतकी विस्तीर्ण की प्रत्येकावर दोन-दोन होल आहेत. पाण्याचा मोठा अडथळा असा एकच, पहिल्या ग्रीनपुढून जाणारा स्विल्कन बर्न हा ओढा, आपल्याकडच्या व्हाळाएवढा. दुबळा खेळाडू चेंडू जमिनीवरून गडगडत नेऊ शकतो आणि ज्या चेंडूनं सुरुवात केली त्याच चेंडूनं संपवू शकतो. मी संपवलं. पण जमिनीच्या वळ्या, ११२ बंकर आणि समुद्राकडून येणारा वारा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना तिथं जेरीस आणतात. कठीणपणा चांगल्या खेळाडूच्या वाट्याला जास्त आणि नवख्याच्या वाट्याला कमी, हे मला मैदान आखणाऱ्याचं खरं कसब वाटतं.

आता जे सांगतो त्यासाठी खरं तर हे पत्र लिहिलं. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या फेअरवेच्या मधून एक रस्ता आडवा जातो. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड त्याचं नाव. गावातून वेस्ट सँड्सच्या पुळणीकडे जाणारी ती सार्वजनिक वहिवाट. मी पहिल्या टीवर उभा होतो. पैसे भरलेले होते, हातपाय थरथरत होते, आणि माझ्या समोरून एक आजी कुत्रा घेऊन, मागून एक बाई बाबागाडी ढकलत समुद्राकडे निघाल्या. पाळी लावणाऱ्या स्टार्टरनं हात वर केला, आम्ही थांबलो. त्या दोघी सावकाश गेल्या. मग खेळ सुरू झाला. जगातल्या सर्वांत नामांकित गोल्फ मैदानावर, जिथं ब्रिटनची ओपन स्पर्धा होते, तिथं गावची वाट फेअरवेतून जाते आणि खेळणारा थांबतो. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर रविवारी तिथं खेळ बंदच असतो. गावकरी त्या हिरवळीवर फिरायला येतात, पोरं धावतात.

हे त्या गावाला आपोआप मिळालेलं नाही. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपनं लिंक्सवर ससे पाळण्याची परवानगी घेताना गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क लेखी मान्य केला. पुढे नगरपालिका कर्जात बुडाली आणि १७९७ नंतर ती जमीन हातची गेली. सशांचा धंदा करणाऱ्यांशी गावकऱ्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालली, खटले झाले. १८९४ साली संसदेच्या कायद्यानं नगरपालिकेनं लिंक्स परत मिळवली आणि १९७४ च्या कायद्यानं तिचा कारभार विश्वस्त मंडळाकडे गेला. आज गावचा रहिवासी सवलतीच्या वार्षिक पासवर खेळतो. एकदा गेलेली वहिवाट परत मिळवायला त्यांना शंभर वर्षं लागली. आमच्याकडे ती अजून गेलेली नाही.

आपल्याकडे, कोकणातच, उत्तरेला खारघरला सिडकोनं डोंगराच्या कुशीत मैदान केलं. मी तिथं खेळलो आहे. डोंगर जवळ असल्यानं अंतराचा अंदाज चुकतो आणि चढावर दम लागतो. पण ते शहराला खेटून आहे, तिथून कुणाची होडी जात नाही. आमच्या पुळणीचं गणित वेगळं आहे.

आमच्याकडे अवघडपणा विकत आणावा लागणार नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलटा येतो. जो होल सकाळी आठला सात नंबरच्या आयर्नचा, तोच दुपारी तीनला पाच नंबरचा, म्हणजे जास्त लांब मारणाऱ्या काठीचा. मी हे पुळणीमागच्या मोकळ्या जागेत स्वतः मारून पाहिलं आहे, एकाच झाडाच्या रोखानं, आठवडाभर रोज दोन वेळा. अंतर तेच, फरक दोन काठ्यांचा. कृत्रिम तळी खोदायची गरजच काय?

गवताचंही तेच. आपल्या अहवालात परदेशी बर्म्युडा गवताच्या लागवडीचा मोठा खर्च धरलेला आहे. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक गोल्फ मैदानांचे फेअरवे याच जातीचे असतात. ग्रीनसाठी संकरित वाण लागतो हे मान्य, पण अठरा होलांचे फेअरवे आणि रफ इथल्याच मातीत वाढलेल्या हरळीवर उभे राहू शकतात. आमच्या खळ्याच्या कडेला ती मे महिन्याच्या उन्हातही तग धरून असते, पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवीगार होते.

पाण्यावर मात्र हात राखून बोलता येणार नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. जांभा सच्छिद्र, पाणी आत घेतो आणि सोडतो. एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसतो आणि आमच्या वाडीला टँकर लागतो. आणि अठरा होलांचं मैदान नेमकं उन्हाळ्यातच दिवसाला लाखो लिटर पाणी पितं. हे पाणी कुठून आणणार याचं उत्तर अहवालात एका ओळीत आहे: ‘स्थानिक स्रोत’. आमच्या विहिरी म्हणजेच स्थानिक स्रोत. सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर प्रकल्प किती क्षमतेचा आणि कुणाच्या सांडपाण्यावर, ते लिहून द्या. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जे चार होल चढवले आहेत तेही काढा. सडा नकाशावर पडीक दिसतो, पण त्याच्यात मुरलेलं पाणीच खाली झऱ्यांना येतं. वर खत आणि तणनाशक टाकलंत तर तेही त्याच वाटेनं आमच्या घागरीत येणार.

दिव्यांचं थोडक्यात. रात्री खेळण्यासाठी सरावाच्या पट्ट्यावर प्रकाशझोत दाखवले आहेत. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासचं नाव सगळ्यांना माहीत आहे, वेंगुर्ल्यात वायंगणीही आहे. पिल्लं घरट्यातून निघाली की उजेडाच्या दिशेनं चालतात. त्यांच्यासाठी उजेड समुद्रावरच राहू दे.

माझं मागणं इतकंच आहे. नऊ होलांचं करा, अठराचा हट्ट सोडा. अठराला दीड-दोनशे एकर जमीन लागते, नऊला त्याच्या निम्म्यानं भागतं. सभासदत्वाची अट नको, पैसे भरेल तो खेळेल. तालुक्यातल्या रहिवाशाला वेगळा, कमी दर. शाळेतल्या मुलांना ठरावीक वेळी फुकट. आठवड्यातला एक दिवस खेळ बंद आणि हिरवळ गावाला मोकळी. कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारे), माळी, मैदान मोजणारे हे सगळे इथले, त्यांना शिकवण्याची तरतूद पहिल्या वर्षापासून. मोजणीसाठी जी तुकडी नेमाल तिच्यात निष्णात खेळाडूबरोबर वीस हँडिकॅपची एक बाईही असू द्या. आणि पाणंद आहे तिथंच, फेअरवेच्या मधून. खेळणारा थांबेल.

ही पाणंद मी मोजली आहे. देवळापासून पुळणीपर्यंत ६४० पावलं. सर्वांत अरुंद जागी, जुन्या आंब्याच्या मुळाशी, सात फूट. तिथं गडग्याचे चिरे खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झालेले आहेत, कारण रापणीचं जाळं खांद्यावर घेऊन जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच वळतात. जाळ्याचा ओला भार वीस-पंचवीस जण मिळून वाहतात. मधे थांबता येत नाही, थांबलं तर पुन्हा उचलणं जड जातं. त्यांना दोन किलोमीटर वळसा घालायला सांगण्याआधी एकदा त्यांच्यामागून चालून पाहा.

नारळी पौर्णिमेनंतर रापण सुरू होते. त्या आठवड्यात कुठल्याही दिवशी या. पहाटे पाचला देवळापाशी भेटतो, चहा माझ्या घरी. येताना तो नकाशा घेऊन या, आणि एक पेन्सिल.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाज इंजिनियर,
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग